खुर्चीवरून उठण्याआधीचा क्षण: अलेक्झांडर तंत्राच्या वीस धड्यांविषयी

गेली बावीस वर्षे मी शाळेत शिकवते आहे. दिवसाला पाच-सहा तास उभे राहून बोलायचे आणि घरी आल्यावर उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावर वाकून बसायचे, असा माझा नित्यक्रम आहे. चार वर्षांपूर्वी मान दुखायला लागली आणि पुढे वर्षभरातच दुपारच्या तासांना आवाज बसू लागला. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी स्वरयंत्र तपासून त्यात काही दोष नसल्याचे सांगितले, हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहून वयाप्रमाणे होतात तेवढेच बदल असल्याचे सांगितले, आणि दोघांनीही निघताना ‘ताठ बसत जा’ असा सल्ला दिला. तो मी मनापासून पाळला. खांदे मागे खेचून आणि छाती पुढे काढून बसण्याचा परिणाम असा झाला की, पूर्वी संध्याकाळी दुखणारी मान आता दुपारपासूनच दुखू लागली. अशा अवस्थेत मी देहस्थिती, हालचाल आणि श्वास यांचे सजग शिक्षण देणाऱ्या एका अभ्यासक्रमाला नाव घातले. त्याचा पाया अलेक्झांडर तंत्र हा होता. तो पूर्ण होऊन आता सहा महिने झाले आहेत आणि त्याचा कोणता भाग टिकला, कोणता गळाला, हे सांगण्याइतका काळ मध्ये गेला आहे असे वाटल्यावरच हे लिहिते आहे.

अभ्यासक्रमात शिक्षिकेसोबत एकेकटीने घ्यायचे वीस धडे होते, प्रत्येक धडा चाळीस मिनिटांचा. पहिले सहा आठवडे आठवड्यातून दोनदा आणि नंतरचे आठ आठवडे एकदा, अशी त्यांची मांडणी होती. शिवाय श्वासावरची दोन सामूहिक सत्रे होती, त्यांच्याविषयी मला तक्रार आहे आणि ती पुढे मांडते.

फ्रेडरिक मॅथायस अलेक्झांडर हा १८६९ साली ऑस्ट्रेलियाजवळच्या टास्मानिया बेटावर जन्मलेला माणूस रंगमंचावर काव्यवाचन आणि नाट्यप्रवेश सादर करत असे. ऐन कार्यक्रमात त्याचा घसा बसू लागला. विश्रांतीने आवाज सुधारे, पण पुन्हा मंचावर उभा राहिला की बिघडे, तेव्हा बोलताना आपण स्वतःच काहीतरी चुकीचे करत असणार, असा तर्क त्याने केला आणि आरशासमोर उभे राहून तो स्वतःला न्याहाळू लागला. बोलायला सुरुवात करताना आपण डोके मागे ओढतो, स्वरयंत्र खाली दाबतो आणि तोंडाने आवाज करत हवा आत घेतो, या तीन गोष्टी त्याला दिसल्या. १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्याने हा शोध टप्प्याटप्प्याने नोंदवला आहे आणि त्यातला मला सर्वांत प्रामाणिक वाटलेला टप्पा त्याच्या अपयशाचा आहे. डोके पुढे आणि वर ठेवतो आहोत याची मनोमन खात्री असताना आरशात मात्र ते मागेच जाताना दिसत होते. स्वतःच्या शरीराविषयीची आपली जाणीव सवयीमुळे फसवी होते, हा निष्कर्ष त्याने तेथून काढला आणि पुढचे सगळे तंत्र त्याच पायावर उभे आहे. १९०४ साली तो लंडनला गेला आणि १९५५ साली त्याचा मृत्यू होईपर्यंत मुख्यतः तेथेच शिकवत राहिला.

आवाजाच्या दुखण्यातून जन्मलेली ही पद्धत आवाजावरच पोट असलेल्या माझ्यासारखीला जवळची वाटावी हे साहजिक आहे. तरीही मी पहिल्या धड्याला गेले ते व्यायाम शिकायला मिळतील या अपेक्षेने, आणि तेथे व्यायाम नव्हते. एक साधी लाकडी खुर्ची होती, गुडघ्याएवढ्या उंचीचे एक रुंद बाक होते आणि भिंतीवर कोनात लावलेले दोन उभे आरसे होते. शिक्षिकेने मला खुर्चीवर बसायला सांगितले, एका हाताची बोटे माझ्या मानेच्या मागे, केसांच्या रेषेखाली, अगदी हलकेच ठेवली आणि त्या म्हणाल्या, “मी सांगेन तेव्हा उठा.” काही क्षण त्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “तुम्ही उठायला सुरुवात केलीसुद्धा.” मी जागची हललेही नव्हते. त्यांनी मला आरशात बाजूने पाहायला सांगितले आणि पुन्हा ‘उठा’ हा शब्द उच्चारण्याची तयारी दाखवली. त्या वेळी मला दिसले की, नुसत्या उठण्याच्या विचाराने माझी मान मागून आखूड होत होती, हनुवटी वर येत होती आणि कंबर आत वळत होती. पाय अजून काही करायच्या आधीच मान कामाला लागलेली होती. दिवसातून शंभर वेळा खुर्चीवरून उठताना मी हेच करत असणार, हे त्या क्षणी माझ्या लक्षात आले आणि इतक्या वर्षांच्या दुखण्याचा एक धागा पहिल्यांदा हाती आला.

पुढचे सहा-सात धडे मुख्यतः या एकाच गोष्टीवर गेले. बसणे, उठणे, पुन्हा बसणे. कोणाला हे कंटाळवाणे वाटू शकेल. मला ते तसे वाटले नाही, कारण दर वेळी काहीतरी नवे सापडत होते. तंत्राच्या परिभाषेत पहिली पायरी ‘थांबणे’ ही आहे: कृतीची इच्छा मनात आल्यावर लगेच कृती न करता, नेहमीची ओढाताण सुरू होण्याआधीच तिला नकार देणे. दुसरी पायरी ‘दिशा देणे’ ही. मान मोकळी राहू दे, डोके पुढे आणि वर जाऊ दे, पाठ लांब आणि रुंद होऊ दे, गुडघे पुढे जाऊ दे, अशी वाक्ये मनात म्हणायची आणि ती स्नायूंचे बळ लावून अमलात मात्र आणायची नाहीत. ‘करा’ आणि ‘होऊ दे’ यांतला फरक शब्दांनी सांगून कळत नाही, हे मी शिक्षिका असूनही कबूल करते. तो शिक्षिकेच्या हातातून कळला. नवव्या धड्यात मी एकदा उठले आणि उठण्याचा प्रयत्न केल्याची कोणतीही खूण शरीरात उरली नाही. खुर्ची खाली राहिली आणि मी वर होते, एवढेच मला सांगता येते.

डोके मानेवर नेमके कोठे टेकलेले असते, हा प्रश्न शिक्षिकेने मला विचारला तेव्हा मी बोट मानेच्या मागे, खांद्यांच्या वर चार बोटांवर ठेवले. प्रत्यक्षात कवटी आणि पहिला मणका यांचा सांधा बराच वर, जवळजवळ दोन्ही कानांच्या मधोमध असतो. प्रौढ माणसाचे डोके साधारण साडेचार ते पाच किलो वजनाचे असते आणि त्याचा गुरुत्वमध्य या सांध्याच्या किंचित पुढे येतो, म्हणून ते तोलून धरायला मानेच्या मागच्या स्नायूंना थोडे काम सतत करावेच लागते. मी मात्र उत्तरपत्रिका तपासताना या वरच्या सांध्यातून डोके लववण्याऐवजी मानेच्या तळापासून सगळी मानच पुढे लोंबत ठेवत होते आणि वर अक्षरे वाचायला हनुवटी पुन्हा उचलत होते. तसेच कमरेतून वाकते असे समजून मी पाठ वाकवत होते, तर वाकण्यासाठी घडवलेला मोठा सांधा खुब्याचा आहे आणि तो मी समजत होते त्यापेक्षा चांगलाच खाली आहे. शरीराच्या मनातल्या नकाशातल्या या दोन दुरुस्त्या माझ्यासाठी कोणत्याही मलमापेक्षा मोलाच्या ठरल्या, आणि त्या समजून घ्यायला पंधरा मिनिटे पुरली.

रोज घरी करायची एकच गोष्ट सांगितली गेली: पंधरा मिनिटे पाठीवर पडून राहणे. गुडघे वर, पायांचे तळवे जमिनीवर, हात पोटावर आणि डोक्याखाली पुस्तके. पुस्तकांची जाडी माणसागणिक वेगळी असते. डोके मागे कलंडेल इतकी ती कमी नको आणि हनुवटी घशात रुतेल इतकी जास्तही नको. माझ्यासाठी सुरुवातीला तीन पाठ्यपुस्तके लागली, चौदा आठवड्यांच्या शेवटी दोन पुरू लागली. या आडवे पडण्यामागे शरीराचे साधे कारण आहे. दिवसभर उभे राहण्या-बसण्याने मणक्यांमधल्या चकत्यांवर दाब येऊन त्यांतले थोडे पाणी बाहेर पडते आणि आडवे झाल्यावर ते पुन्हा शोषले जाते. सकाळी मोजलेली उंची संध्याकाळपेक्षा साधारण एक सेंटिमीटर जास्त भरते ती यामुळेच. मात्र झोप लागू द्यायची नाही, डोळे उघडे ठेवायचे आणि मनात त्या दिशा म्हणत राहायच्या, ही अट शिक्षिकेने आवर्जून घातली होती. शाळेतून आल्यावर आणि उत्तरपत्रिका उघडण्यापूर्वी ही पंधरा मिनिटे घ्यायची असे मी ठरवले आणि सर्वांत कमी कष्टांत सर्वांत जास्त गुण याच गोष्टीने दिला.

बाराव्या धड्यापासून आम्ही फळ्याकडे वळलो. शिक्षिकेने भिंतीवर एक मोठा कागद लावला आणि मला त्यावर एक ओळ लिहायला सांगितले. हात वर जाताच माझा उजवा खांदा कानाला भिडत होता, श्वास अडत होता, आणि लिहिता लिहिता वळून वर्गाशी बोलायला तोंड उघडले की मान मागे जात होती. म्हणजे अलेक्झांडरला आरशात दिसलेली तीच खोड, फक्त हातात खडू. श्वास अडवून लिहायचे आणि मग उरलेल्या हवेवर वाक्य रेटायचे, असे मी किती वर्षे करत आले होते कोण जाणे. उपाय म्हणून त्यांनी दिलेली सूचना अगदी छोटी होती: हात उचलण्याआधी थांबा, श्वास बाहेर जाऊ द्या, बोटांच्या टोकांपासून हात वर जाऊ द्या, आणि वळायचे असेल तेव्हा आधी डोळे वळू द्या. वर्गात हे आठवायला मला महिना लागला. पहिल्या तासाला आठवे, तिसऱ्याला विसरे. पण ज्या तासाला आठवले त्या तासाच्या शेवटी घसा कोरडा पडलेला नसे, हा अनुभव इतक्या वेळा आला की पुढे आठवण आपोआप येऊ लागली.

श्वासाचे काम वैयक्तिक धड्यांत फार सुरेख झाले. शिक्षिकेने एकदाही ‘खोल श्वास घ्या’ असे म्हटले नाही. शांत बसलेल्या माणसाचा श्वास आत येताना श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा, आकुंचन पावून खाली जाते, बरगड्या बाजूंना आणि मागेही फुलतात. श्वास सोडताना मात्र फारसे काही करावे लागत नाही, ताणलेले फुप्फुस आणि बरगड्या आपल्या लवचीकपणाने परत येतात. तेव्हा सुधारायचे ते श्वास घेण्याचे बळ नसून श्वास सोडण्यातला अडथळा आहे, हा त्यांचा मुद्दा होता. त्यासाठी अलेक्झांडरने वापरलेला ‘आ’चा सराव त्यांनी शिकवला. काहीतरी आनंदाचे आठवून चेहरा खुलू द्यायचा, जिभेचे टोक खालच्या दातांना टेकवायचे, जबडा पुढे-खाली मोकळा सोडायचा आणि कुजबुजत्या स्वरात, हवा पूर्ण पिळून न काढता, ‘आ’ म्हणायचे. मग तोंड मिटून नाकाने हवा आपली आपण आत येईपर्यंत वाट पाहायची. पहिल्या दिवशी पाठीच्या खालच्या बरगड्यांवर ठेवलेल्या त्यांच्या तळहातांखाली काही हलत असल्याचे मला जाणवले नाही. चौथ्या खेपेला जाणवले, आणि पाठीनेही श्वास घेता येतो हे कळल्यावर छाती फुगवण्याची माझी सवय हळूहळू सुटत गेली.

या पार्श्वभूमीवर सामूहिक सत्रे हा अभ्यासक्रमाचा दुबळा भाग आहे, असे मला स्पष्टपणे नोंदवावे लागेल. ती वेगळ्या प्रशिक्षकाने घेतली. पहिल्याच सत्रात आम्हा चौदा जणांना उभे करून मोठमोठ्याने, वेगाने खोल श्वास घ्यायला लावण्यात आले आणि पाच मिनिटांच्या आत दोघांना चक्कर आली, एकीच्या बोटांना मुंग्या आल्या. ‘शरीरातील विषद्रव्ये बाहेर पडत आहेत’ असे स्पष्टीकरण त्यावर देण्यात आले. ते चुकीचे आहे. गरजेपेक्षा जास्त हवा वेगाने आतबाहेर केली की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यामुळे मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आक्रसतात आणि चक्कर येते. मुंग्या येणे हेही त्याच बदलाचे लक्षण आहे. वीस धड्यांत जे शिकवले त्याच्या नेमके उलट या सत्रांत शिकवले गेले, आणि वैयक्तिक धडे न घेता फक्त सामूहिक सत्रांना आलेल्या मंडळींनी त्यालाच अभ्यासक्रम समजून घरी नेले, याचे मला मनापासून वाईट वाटले. मी व्यवस्थापनाला लेखी कळवले. उत्तर नम्र होते, पण सत्रे आहेत तशीच चालू आहेत.

माहितीपत्रकाविषयीही असेच म्हणावे लागेल. त्यात पाठदुखी, मानदुखी, दमा, निद्रानाश, पचनाचे विकार अशी लांबलचक यादी आहे. यांपैकी पाठ आणि मान यांच्याबाबत चांगल्या चाचण्या झालेल्या आहेत. इंग्लंडमध्ये जुन्या किंवा वारंवार उलटणाऱ्या पाठदुखीच्या ५७९ रुग्णांवर केलेला अभ्यास ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात वर्षाअखेर तुलनागटातील रुग्णांना चार आठवड्यांत सरासरी २१ दिवस दुखत होते, तर चोवीस धडे घेतलेल्यांना ३ दिवस. सहाच धडे घेतलेल्यांनाही बऱ्यापैकी लाभ झाला होता, आणि सहा धड्यांना नियमित व्यायामाची जोड दिली तेव्हा तो चोवीस धड्यांच्या बराच जवळ गेला. मानदुखीच्या ५१७ रुग्णांवरच्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नेहमीच्या उपचारांना धड्यांची जोड दिल्यावर वर्षभराने टिकणारा लाभ दिसला आणि ॲक्युपंक्चर घेतलेल्यांनाही तेवढाच लाभ झाला. दम्याची गोष्ट वेगळी आहे. त्याच्याबाबत झालेल्या चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या २०१२ सालच्या कोक्रेन पुनरावलोकनाला विचारात घेण्याजोगी एकही चाचणी सापडली नव्हती. तेव्हा दम्याच्या रुग्णाला माहितीपत्रकातून दिलासा देणे, आणि त्याच्या मनात औषध सोडण्याचा विचार येऊ देणे, हे धोक्याचे आहे. जे सिद्ध झाले आहे ते पुरेसे चांगले असताना उरलेल्याचा भार त्यावर कशासाठी टाकावा?

१९७३ साली शरीरक्रियाशास्त्र वा वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळालेल्या निको टिंबर्गेन यांनी आपल्या पारितोषिक-व्याख्यानाचा बराच भाग या तंत्राला दिला होता, याचा उल्लेख माहितीपत्रकात ठळकपणे आहे. तो खरा आहे. पण एका थोर प्राणिवर्तनशास्त्रज्ञाचा आणि त्याच्या कुटुंबाचा अनुभव हा पुरावा म्हणून वरच्या दोन चाचण्यांच्या शेजारी बसत नाही, हे वाचकाने ध्यानात घ्यावे.

ज्यांना हा अभ्यासक्रम घ्यावासा वाटतो त्यांना दोन गोष्टी सांगते. शिक्षकाचे प्रशिक्षण विचारून घ्यावे. १९५८ साली ब्रिटनमध्ये स्थापन झालेल्या शिक्षकांच्या संघटनेच्या प्रमाणकाप्रमाणे शिक्षक होण्यासाठी तीन वर्षांचे, सोळाशे तासांचे प्रशिक्षण लागते, आणि सप्ताहान्ताच्या शिबिरात मिळालेले प्रमाणपत्र त्याची जागा घेऊ शकत नाही. दुसरे असे की, ज्यांना हातापायात बधिरपणा, कमजोरी, ताप किंवा रात्री झोपमोड करणारी वेदना आहे, त्यांनी आधी डॉक्टरांकडे जावे. हे शिक्षण आहे, उपचार नाही, आणि माझ्या शिक्षिकेने पहिल्याच दिवशी तसे बजावले होते. ध्वनिचित्रफिती पाहून हे शिकता येईल का, असे मला सहकाऱ्यांनी विचारले आहे. आडवे पडणे आणि कुजबुजता ‘आ’ एवढे कदाचित येईल. पण फसव्या जाणिवेवर मात करायला दुसऱ्याचा हात किंवा निदान आरसा लागतोच, आणि पडद्यासमोर मान पुढे काढून बसलेल्या माणसाला आपली मान पुढे आहे हे पडदा सांगत नाही.

माझे सांगायचे तर मानदुखी पूर्ण गेलेली नाही. परीक्षांच्या काळात ती परत येते, पण आता ती येताना मला दिसते. टेबलावर मी उत्तरपत्रिकांसाठी तिरकी फळी ठेवली आहे. दर दहा उत्तरपत्रिकांनंतर लेखणी खाली ठेवते, खुर्चीवर बसल्या जागी थांबते, आणि ‘आता उठायचे’ असे मनाला सांगून मानेला काही करू देत नाही. कधी उठते, कधी उठतही नाही. आवाज मात्र या वर्षी अजून एकदाही बसलेला नाही, आणि शिक्षिकेकडे महिन्यातून एक धडा मी चालू ठेवला आहे.